एका शपथेवर घासून पाहिलेला ग्रीक कोश: ‘लोगेइऑन’चं परीक्षण

लोगेइऑन म्हणजे शिकागो विद्यापीठाने चालवलेला ग्रीक आणि लॅटिन कोशांचा फुकट संच. नाव नोंदवायचं नाही, पैसे भरायचे नाहीत. ब्राउझरमध्ये उघडायचा आणि शब्द टाकायचा. एका शोधात अनेक कोश समोर येतात: लिडेल, स्कॉट आणि जोन्स यांचा मोठा कोश, त्याची १८८९ची मध्यम आवृत्ती, होमरपुरता ऑटेनरीथ, पिंडारपुरता स्लेटर, आणखीही काही. पान जवळजवळ सगळं मजकुराचं असल्यामुळे पावसाळ्यात नेट रडतखडत चालत असलं तरी उघडतं.

गोव्यात जुनी ग्रीक लागणारी माणसं थोडी, पण ठरलेल्या प्रकारची. राशोलच्या सेमिनारीत धर्मशास्त्र करताना नवा करार मुळातून वाचू पाहणारे, संस्कृतकडून तौलनिक व्याकरणाकडे वळलेले, कायद्याचे विद्यार्थी, आणि हिपोक्रॅटिसच्या शपथेत मुळात काय लिहिलंय याचं कुतूहल असलेले बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातले होऊ घातलेले डॉक्टर. या सगळ्यांचं एका क्रियापदाशी हमखास काम पडतं. ते म्हणजे ओम्नूमि, ‘मी शपथ घेतो’. म्हणून हा कोश त्याच एका क्रियापदावर तपासला आहे. ते चावट आहे: रूपं अनियमित, विभक्ती तीन प्रकारच्या, उपसर्ग लागले की अर्थ कुठल्या कुठे.

निकाल आधीच सांगून टाकू: पाचपैकी चार. अर्थाला पूर्ण गुण, रूपांना पूर्ण गुण. वाक्यरचनेत मात्र कोश सगळं देतो, पण अशा संक्षेपांत गुंडाळून की नवखा माणूस वरचा ‘शपथ घेणे’ हा त्रोटक अर्थ वाचून निघून जातो आणि वाक्य चुकवतो.

इथल्या लेखनाविषयी एक खुलासा. ऱ्हस्व ओमिक्रॉन ‘ओ’ने आणि दीर्घ ओमेगा ‘ऑ’ने दाखवला आहे. उप्सिलॉन ‘उ-ऊ’ने लिहिला असला तरी उच्चार ओठ गोल करून काढलेल्या ‘ई’सारखा. शब्दाच्या तोंडचा महाप्राण ‘ह’ने दाखवला आहे, म्हणून शपथेचं नाम होर्कोस आणि क्रियापद मात्र ह शिवाय ओम्नूमि. दोघांचा धातू वेगळा आहे.

पहिली अडचण टंकलेखनाची. ग्रीक कळफलक बसवलेला असेल तर प्रश्नच मिटला. विंडोजमध्ये ‘ग्रीक पॉलिटॉनिक’ हा पर्याय असतो, त्यात स्वरचिन्हंही मिळतात. रोमन अक्षरांत टाकायची जुनी रीत म्हणजे बीटा कोड. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस संग्रहात शब्द शोधायला तीच वापरतात. तिथे इंग्रजी पुस्तकांतलं स्पेलिंग जसंच्या तसं टाकलं की हाती काही लागत नाही. इंग्रजी पुस्तकं उप्सिलॉनसाठी बहुधा वाय लिहितात, पण बीटा कोडमध्ये वाय म्हणजे प्सी. उप्सिलॉनला यू लागतो. एच हा महाप्राण नसून एटा आहे, त्यामुळे होर्कोस शोधताना सुरुवातीचा एच गाळायचा. ओमेगाला डब्ल्यू, थीटाला क्यू. एवढं लक्षात ठेवलं की ऑमोथेन हे रूप डब्ल्यू-एम-ओ-क्यू-एच-एन असं बिनचूक जातं.

आता रूपं. मोठ्या कोशाच्या नोंदीचा सुरुवातीचा भाग रूपांचाच असतो आणि बहुतेक जण तो वगळून अर्थाकडे उडी मारतात. या क्रियापदाच्या बाबतीत तो वगळू नये. सहा मुख्य रूपं अशी: ओम्नूमि, ओमूमाइ, ऑमोसा, ओमॉमोका, ओमॉमोमाइ, ऑमोथेन. शेवटच्या दोहोंना मधे सिग्मा घातलेली ओमॉमोस्माइ, ऑमोस्थेन अशी भावंडंही आहेत. वरवर पाहता सहा वेगळे शब्द वाटतात, पण संस्कृत शिकलेल्याला ओळख पटायला वेळ लागत नाही.

वर्तमानकाळ हा आपला पाचवा गण, स्वादि. संस्कृतात सुनोमि पण सुनुमः. ग्रीकमध्ये ओम्नूमि पण ओम्नुमेन. एकवचनात प्रत्ययाचा स्वर बळावतो, अनेकवचनात आखडतो. संस्कृतात गुण होऊन ‘नो’ होतो, ग्रीकमध्ये नुसताच दीर्घ ‘नू’. कोशात या दीर्घत्वाची खूण उप्सिलॉनच्या डोक्यावर आडव्या रेघेने दिलेली असते. छंदात वाचणाऱ्यांनी ती पाहावी. धातूचं नातं वेदातल्या ‘अम्’शी, म्हणजे घट्ट धरणे, या अर्थाशी जोडतात. हात लावून, धरून शपथ घ्यायची रीत आपल्याकडेही जुनीच.

भविष्यकाळात गडबड होते. ओमूमाइ, ओमेइ, ओमेइताइ ही रूपं आत्मनेपदी आहेत, अर्थ मात्र साधा कर्तरी: मी शपथ घेईन. भविष्याचा नेहमीचा सिग्माही इथे नाही. तो गळून स्वर जोडले गेले आहेत. आत्मनेपद पाहून ‘मला शपथ दिली जाईल’ असा कर्मणी अर्थ करणं ही नवख्यांची ठरलेली चूक. इलियडच्या पहिल्या सर्गात, २३३व्या ओळीत, अकिलीस म्हणतो ‘मेगान होर्कोन ओमूमाइ’, मोठी शपथ घेईन, आणि पुढच्याच ओळीत हातातल्या राजदंडाची शपथ घेतो. ही ओळ पाठ असली की भविष्यकाळ चुकत नाही.

भूतकाळाचं ऑमोसा म्हणजे संस्कृतच्या लुङ्चा, तिथल्या एका भूतकाळाचा, भाऊबंद. तोंडचा ओ जो ऑ झाला तो अडागमामुळे, म्हणजे भूतकाळासाठी आधी लागणाऱ्या स्वरामुळे, आणि तो फक्त निश्चयार्थात, साधं विधान करणाऱ्या रूपात. तुमन्त (‘शपथ घेणे’) ओमोसाइ, कृदन्त (‘शपथ घेऊन’) ओमोसास, इथे ओ पुन्हा आखूड. रूप ओळखताना हे उलट लक्षात ठेवावं: या भूतकाळाच्या रूपात आखूड ओ दिसला तर, होमर वगळता, ती ‘शपथ घेतली’ अशी बातमी नाही. होमरमध्ये छंदासाठी सिग्मा दुप्पट होतो. चौदाव्या सर्गात निद्रादेव हेराला बजावतो, ‘ओमोस्सोन’, घे शपथ, पाताळातल्या स्टिक्स नदीच्या पाण्याची.

पूर्णकाळाच्या ओमॉमोकामध्ये अभ्यास, म्हणजे सुरुवातीची पुनरुक्ती, आहे, पण एक अक्षर नव्हे तर स्वर आणि व्यंजन दोन्ही पुन्हा आली आहेत: ओम्-ऑमो-का. व्याकरणात याला ॲटिक अभ्यास म्हणतात. लोगेइऑनचा रूपविश्लेषक, ज्याचं नाव मॉर्फो, अशा रूपांसाठीच आहे. वाचताना अडलेलं रूप जसंच्या तसं टाकायचं आणि मूळ शब्दापर्यंत जायचं.

पण विश्लेषक शक्यता देतो, निवड करत नाही. इतिहासकार थुसिडिडीसच्या पाचव्या ग्रंथात, ४७व्या प्रकरणात, अथेन्स, आर्गोस, मांटिनेआ आणि एलिस यांच्या इ.स.पू. ४२०च्या तहाचा मजकूर दिला आहे. त्यात शब्द येतो ओम्नुन्तॉन. हे वर्तमान कृदन्ताचं षष्ठी अनेकवचन असू शकतं, ‘शपथ घेणाऱ्यांचं’. आज्ञार्थाचं तृतीय पुरुष अनेकवचनही असू शकतं, ‘त्यांनी शपथ घ्यावी’. अक्षरं तीच, स्वरचिन्हंही तीच. पुढे ‘हेकास्तोइ’, प्रत्येकाने, असा प्रथमेतला कर्ता आहे, म्हणजे हा आज्ञार्थ. तहाच्या कलमात दुसरं काय असणार म्हणा. पण यंत्राने पहिल्या जागी दाखवलेली शक्यता उचलली तर संपूर्ण कलम लटकतं.

वाक्यरचनेकडे येऊ. खरी परीक्षा इथेच आहे. मराठीत शपथ षष्ठीवर चालते: देवाची आण, आईची शपथ, गळ्याची शपथ. ग्रीकमध्ये ज्या देवाची शपथ तो सरळ द्वितीयेत येतो, मधे शब्दयोगी अव्ययसुद्धा नाही. हिपोक्रॅटिसच्या शपथेची सुरुवात अशीच: ओम्नूमि, आणि लगेच द्वितीयेत वैद्य अपोलो, अस्क्लेपिओस, हिगिआ, पानाकेआ आणि सगळे देव-देवी. कोशात यासाठी सी. आणि एसीसी. एवढीच खूण असते. सी. म्हणजे लॅटिन ‘कुम’, सह. पुढचं आक्कुसातिव, द्वितीया. सी. आयएनएफ. म्हणजे तुमन्तासह. एबीएस. म्हणजे काहीही न जोडता, एकटं. हे तीन संक्षेप आल्याशिवाय ही नोंद वाचायला घेऊ नये.

द्वितीया मात्र एकच काम करत नाही, आणि नोंदीतला सर्वांत उपयोगी भाग तोच. देव द्वितीयेत. खुद्द शपथही द्वितीयेत: होर्कोन ओमोसाइ, शपथ शपथणे. आणि ज्या गोष्टीला शपथेने मान्यता दिली तीही द्वितीयेत: स्पोन्दास ओमोसाइ. स्पोन्दाइ म्हणजे मुळात देवांना सांडलेली मद्याची धार, अनेकवचनात तह. हे वाक्य ‘तर्पणाची शपथ घेतली’ असं लावलं की अनर्थ. ते ‘शपथेवर तह मान्य केला’ असं आहे. ओळखायची सोपी युक्ती: द्वितीयेतलं नाम देव, नदी, सूर्य, राजदंड अशा साक्षी राहू शकणाऱ्या गोष्टीचं असेल तर ‘ची शपथ’. तह, शांतता, करार असेल तर ‘शपथेवर मान्य’. ज्याच्यासाठी किंवा ज्याच्यापुढे शपथ घेतली ती व्यक्ती चतुर्थीत. बळी दिलेल्या पशूंवर हात ठेवून वा त्यांच्यावर उभं राहून शपथ असेल तर ‘काता’ आणि षष्ठी. थुसिडिडीसच्या त्याच कलमात ‘काता हिएरॉन तेलेइऑन’, पूर्ण वाढलेल्या बळींवर, असं आहे.

मग कशाची शपथ, हा विषय तुमन्तात. त्याचा काळ पाहा, कारण शपथेची जात त्यावर ठरते. भविष्य तुमन्त आलं तर ती वचनाची शपथ: असं करीन. वर्तमान, भूत किंवा पूर्णकाळाचं आलं तर ती विधानाची शपथ: असं आहे, असं केलं. पणजी-मडगावच्या न्यायालयात साक्षीदार ‘खरं सांगेन’ म्हणतो ती पहिली जात; नोटरीपुढच्या प्रतिज्ञापत्रात ‘वरील मजकूर खरा आहे’ ती दुसरी. मराठीत क्रियापदाचा काळ बदलून हा फरक आपोआप दिसतो. ग्रीकमध्ये तो तुमन्ताच्या दोन-चार अक्षरांत लपलेला असतो.

नकाराचाही इथे वेगळा कायदा. ‘म्हणणे’ या अर्थाच्या क्रियापदांमागच्या तुमन्ताला ग्रीक ‘ऊ’ हा नकार लावते. शपथेच्या क्रियापदामागे मात्र ‘मे’ येतो, एरवी जो मनाई आणि इच्छेचा नकार आहे. ग्रीक रचना शिकणाऱ्यांच्या वह्यांत या जागी ‘ऊ’ खोडलेला हमखास दिसतो.

हे सगळं एकाच जागी पाहायचं असेल तर युरिपिडीसच्या मेडियाच्या ७४६ ते ७५३ या ओळी काढाव्यात. नाटक इ.स.पू. ४३१चं. मेडियाला अथेन्सच्या राजाकडून, एजियसकडून, आश्रयाची हमी हवी आहे. ती म्हणते ‘ओम्नू’, शपथ घे, आणि पुढे तीन द्वितीया: पृथ्वीची भूमी, माझ्या बापाचा बाप सूर्य, आणि देवांचं अख्खं कुळ. एजियस लगेच विचारतो, ‘ति ख्रेमा द्रासेइन ए ति मे द्रासेइन, लेगे’. काय करीन म्हणून, की काय करणार नाही म्हणून? सांग. दोन्हीकडे भविष्य तुमन्त, दुसऱ्याला ‘मे’. वर सांगितलेले दोन्ही नियम या एका ओळीत आहेत. ती भिंतीवर लावून ठेवावी.

मेडियाचं उत्तर अजून बारीक आहे. स्वतःच्या देशातून मला कधी हाकलणार नाहीस, इथे शब्द आहे एक्बालेइन. हे रूप भूत तुमन्ताचं आणि भविष्य तुमन्ताचं अगदी एकसारखं, स्वरचिन्हासकट. विश्लेषक दोन्ही देतो. दोन ओळी खाली समांतर मेथेसेइन आहे, ज्याचं भविष्यपण उघड आहे. त्याच्या जोरावर एक्बालेइनही भविष्य ठरतं. शेवटी एजियस शपथ उच्चारतो: ओम्नूमि, द्वितीयेत पृथ्वी, सूर्याचा लखलखीत प्रकाश आणि सर्व देव, मग ‘एम्मेनेइन’, तू सांगतेस त्याला बांधील राहीन. एम्मेनेइनचं वर्तमान आणि भविष्य केवळ स्वरचिन्हाच्या जागेने वेगळं होतं. स्वरचिन्हं न देता शोधणाऱ्याला दोन्ही मिळणार. शोधखिडकीत चिन्हं वगळायची सवय सोयीची खरी, पण इथे ती महागात पडते.

‘ए मेन’ ही दोन अव्ययं शपथेच्या तुमन्ताआधी वारंवार येतात, ‘निश्चितच’ अशा भाराने. त्यांना वेगळं भाषांतर देऊ नये. वाक्याला जोर आला की पुरे. आणि रोजच्या बोलण्यातलं ‘देवाशप्पथ’ या क्रियापदाच्या नोंदीत सापडणार नाही. ते ‘ने’ आणि ‘मा’ या अव्ययांखाली शोधायचं. ‘ने दिआ’ म्हणजे झेउसशप्पथ, हो. ‘मा दिआ’ बहुधा नकारात: झेउसशप्पथ, नाही. होकारासाठी मा वापरायचा तर पुढे ‘नाइ’ जोडतात, अकिलीसने राजदंडापाशी तेच केलं आहे. ॲरिस्टोफेनिसची नाटकं या दोन अव्ययांनी खचाखच भरलेली आहेत.

हिपोक्रॅटिसच्या शपथेत एक गंमत आहे, डॉक्टरांनी पाहण्यासारखी. सुरुवातीला ओम्नूमि आणि भविष्य तुमन्त ‘पोइएसेइन’, ही शपथ आणि हा करारनामा पाळीन. पण पुढे तुमन्त सुटतं आणि सरळ प्रथम पुरुषी भविष्य येतं, जसं विषारी औषधाच्या कलमात: ‘मे दॉसेइन’ नव्हे, ‘ऊ दॉसॉ’, देणार नाही. म्हणजे शपथेमागचा ‘मे’ इथे लागू होत नाही, कारण वाक्य आता ओम्नूमिवर टांगलेलं नाही. बोली आयोनिक असल्यामुळे पोइऊमेनोस ऐवजी पोइएउमेनोस असली रूपं दिसतील, कोशात आयओएन. अशी खूण असते. (आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये महर्षी चरक शपथ सुचवली. तिच्या संस्कृतात पाचवा गण शोधायचा उद्योग ज्याला हवा त्याने करावा.)

नव्या करारातली ग्रीक वाचणाऱ्यांना वरचे नियम अर्धेच उपयोगी. तिथे हिब्रूच्या वळणाने देवाची द्वितीया जाऊन ‘एन’ आणि चतुर्थी येते. मत्तय ५:३४ मध्ये ‘मे ओमोसाइ होलॉस’, मुळीच शपथ घेऊ नका, आणि पुढे ‘एन तॉ ऊरानॉ’, स्वर्गाची. पुढच्याच वचनात यरुशलेमसाठी ‘एइस’ आणि द्वितीया. याकोबाच्या पत्रात, ५:१२ मध्ये, हाच उपदेश जुन्या चालीने, नुसत्या द्वितीयेत. इब्री ६:१३ मध्ये देव स्वतःचीच शपथ घेतो, तिथे ‘काता’ आणि षष्ठी. इथे ‘च्यावर उभं राहून’ हा बळीचा अर्थ लावू नये, मोठ्या नावाने शपथ एवढाच घ्यावा. वर्तमानकाळाची रूपंही घसरलेली आहेत. पेत्राने येशूला नाकारलं त्या प्रसंगी मार्क १४:७१ मध्ये तुमन्त जुन्या घडणीचं ओम्नुनाइ आहे, तर मत्तय २६:७४ मध्ये नव्या घडणीचं ओम्नूएइन. दोन्ही एकाच नोंदीखाली मिळतात. कोशात ‘ओम्नूऑ’ वेगळा शोधत बसू नये.

मराठीत शपथ घेणे आणि शपथ घालणे यांत जो फरक, तोच ओम्नूमि आणि होर्किझॉ यांत. होर्किझॉला दोन द्वितीया लागतात: ज्याला घातली तो आणि ज्याची घातली तो देव. मार्क ५:७ मध्ये भूतबाधा झालेला माणूस येशूला म्हणतो, ‘होर्किझॉ से तोन थेओन’, तुला देवाची शपथ घालतो. पहिली द्वितीया ‘से’, तुला, दुसरी देव. लोगेइऑनवर ही नोंद वेगळी उघडावी लागते, कारण ती होर्कोसच्या घरातली आहे.

त्याच घरात एपिओर्केऑ, खोटी शपथ घेणे किंवा घेतलेली मोडणे. आणि एउओर्केऑ, शपथेला जागणे. गोव्यातलंच उदाहरण घेतलं तर सराव बरा होतो. २२ जानेवारी २०२२ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात पक्षनिष्ठेची शपथ देण्यात आली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला पक्षाच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. ग्रीकमध्ये मांडायचं तर: शपथ देणाऱ्या पक्षाचं क्रियापद होर्किझॉ, उमेदवार द्वितीयेत. उमेदवारांचं क्रियापद ओम्नूमि, भूतकाळात ऑमोसान, तिन्ही ठिकाणची दैवतं द्वितीयेत, मतदार चतुर्थीत, ‘पक्ष सोडणार नाही’ हे ‘मे’ आणि भविष्य तुमन्तात. सप्टेंबरसाठी कुठलं क्रियापद वापरायचं हे लिहिणाऱ्याच्या राजकारणावर सोडू, व्याकरणापुरतं एवढंच की एपिओर्केऑ घेतलं तर ज्या देवांची शपथ मोडली तेही पुन्हा द्वितीयेतच येतात, झेनोफोनच्या अनाबासिसमध्ये आहेत तसे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक खाच. एपिओर्केऑ दिसलं की खोटेपणाचा आरोप, असं गृहीत धरू नये. अथेन्सचा वक्ता लिसियास याच्या दहाव्या भाषणात सोलोनच्या जुन्या कायद्यातलं एक वाक्य आहे, जिथे हे क्रियापद साध्या ‘शपथ घेऊन’ या अर्थी आलंय. लिसियासला भर कोर्टात त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला, म्हणजे त्याच्या काळच्या अथेनियन ज्युरीलाही ते जुनं झालं होतं.

उपसर्ग लागलेली क्रियापदं कोशात वर्णक्रमाने विखुरलेली असल्यामुळे प्रत्येक वेगळी टाकावी लागते. आपोम्नूमि, शपथेवर नाकारणे. एक्सोम्नूमि, बहुधा आत्मनेपदात, शपथेवर असमर्थता सांगून जबाबदारीतून सुटणे. सुनोम्नूमि, एकमेकांबरोबर शपथ घेणे, आणि त्यावरून सुनॉमोसिआ, कट. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्समधल्या हर्मिसच्या मूर्तींची तोंडं फोडली गेली तेव्हाच्या संशयाचं वर्णन करताना थुसिडिडीस हाच शब्द वापरतो. आन्तॉमोसिआ, खटल्याआधी दोन्ही पक्षांनी घ्यायची शपथ. दिऑमोसिआ, खुनाच्या खटल्यातली. अरिओपागसच्या न्यायालयात आरोप करणारा रानडुक्कर, मेंढा आणि बैल यांच्या कापलेल्या तुकड्यांवर उभा राहून ती घेई, असं डेमोस्थेनिसच्या २३व्या भाषणात आहे. भूतकाळात अडागम उपसर्गानंतर बसतो, सुन्-ऑमोसा. म्हणून रूप शोधताना आधी उपसर्ग सोलून काढावा.

आता उणिवा. इथला मोठा कोश म्हणजे १९४०ची नववी आवृत्ती. १९९६ची सुधारित पुरवणी छापील पुस्तकात आहे, या डिजिटल मजकुरात नाही. लेखकांचे संक्षेप दगा देतात: नुसता ए. म्हणजे एस्किलस, ॲरिस्टॉटल नव्हे, नुसता डी. म्हणजे डेमोस्थेनिस, ई. म्हणजे युरिपिडीस. संचात माद्रिदचा मोठा ग्रीक-स्पॅनिश कोशही आहे, आणि पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या गोंयकाराला तो वाचता येईलही, पण तो अजून ओमिक्रॉनपर्यंत पोचलेला नाही, त्यामुळे ओम्नूमिसाठी निरुपयोगी. कोशाचं इंग्रजी एकोणिसाव्या शतकाच्या वळणाचं आहे. मूळ लिडेल-स्कॉट १८४३चा, आणि ते जाणवतं.

सोबत काय ठेवावं? स्मिथचं ग्रीक व्याकरण, मूळ १९२०चं, १९५६मध्ये मेसिंगने सुधारलेलं. शपथेमागचा ‘मे’ आणि भविष्य तुमन्त यांचे नियम त्यात सलग वाचायला मिळतात, कोशात ते उदाहरणांतून गोळा करावे लागतात. पैसे खर्च करायची तयारी असेल तर २०२१चा दोन खंडांचा केंब्रिज ग्रीक लेक्सिकन घ्यावा: अर्थाप्रमाणे लावलेला, सध्याच्या इंग्रजीत, आणि क्रियापदापुढे काय लागतं ते फोडून सांगणारा. मात्र तो निवडक लेखकांपुरता आहे, शिलालेख आणि पपायरस वाचणाऱ्यांना मोठा कोशच लागेल. नुसतं नव्या करारापुरतं काम असेल तर लोगेइऑन आणि मध्यम लिडेल एवढ्यावर भागतं. मध्यम लिडेलच्या १८८९च्या आवृत्तीवर आता कुणाचा हक्क नाही, ती उतरवून फोनमध्ये ठेवता येते, आणि वीज गेल्यावर तीच कामाला येते.